मिठाच्या खाडीतला गोड्या पाण्याचा कारखाना

मित्रांनो, एके काळी मी कारखाना होतो. आता माझा एक पंप आणि समुद्राचे पाणी आत घेणारा काँक्रीटचा कालवा एवढेच उरले आहे. पंप काँक्रीटच्या पायात पक्का रोवलेला, म्हणून तो उचलून नेणे कुणाला जमले नाही. पण उरलेल्यालाही सगळे आठवते, म्हणून बोलतो.

हाँगकाँगच्या पश्चिम किनाऱ्यावर यिम-वान नावाची खाडी आहे. यिम-वान म्हणजे मिठाची खाडी. तिथे मी उभा होतो. समुद्राचे खारे पाणी आत घ्यायचे, तापवायचे, त्याची वाफ धरायची आणि ती थंड करून पिण्याचे पाणी बनवायचे, हे माझे काम. माझे अवयव जपानमधल्या एका बंदरात घडले. घराएवढ्या पोलादी टाक्या, तांब्याच्या हजारो नळ्या, पंप, धुराडे. तराफ्यांवर लादून ते सगळे इथे आणले आणि मला जोडून उभे केले.

मला बांधायचे कुणाच्या मनात आले, ते आधी सांगायला हवे. हाँगकाँग तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. माणसे खच्चून भरलेली आणि मोठी नदी एकही नाही. पावसाचे पाणी साठवायचे आणि उरलेले सरहद्दीपलीकडून, चीनमधून, नळाने विकत घ्यायचे, असा व्यवहार. एका वर्षी पाऊसच आला नाही. तीन-चार दिवसांतून एकदा, तेही काही तासच, पाणी सुटायचे. गल्लीच्या नळावर बादल्या, डबे, भाताची पातेली यांची रांग लागायची. फुंग होक-तुंग तेव्हा कॉलेजात शिकत होता. त्याची आई दोन भरलेल्या बादल्या घेऊन सातवा मजला चढत असताना जिन्यात घसरली. सांडलेल्या पाण्याकडे बघून ती आधी रडली. खुब्याचे हाड मोडल्याचे तिला नंतर कळले. पुढे ती जन्मभर लंगडत चालली.

हा फुंग इंजिनिअर झाला आणि वसाहतीच्या पाणी खात्यात लागला. पुढची सगळी माणसे त्याला फुंग साहेब म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. सरकारने वीस वर्षांचा पाण्याचा आराखडा करायला घेतला तेव्हा त्या कामावर ऍलर्टन नावाचे इंग्रज अधिकारी होते. त्यांच्यामागे फुंग साहेबांनी धोशा लावला, की वसाहतीचे स्वतःचे पाणी हवे. समुद्र तर आपल्याला कुणाकडून विकत घ्यावा लागत नाही.

पण त्या आराखड्यात एक अडचण होती, मित्रांनो. वसाहतीचा लहानसा भाग इंग्रजांना कायमचा मिळालेला होता, पण भोवतालचा मोठा मुलूख नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला होता. तो पट्टा १९९७ साली संपणार होता. त्यानंतर या लाखो माणसांवर राज्य कुणाचे असेल, हे कुणालाच ठाऊक नव्हते. सरकारी बैठकांत ते साल कुणी तोंडाने उच्चारत नसे. सगळे नुसते 'नंतर' म्हणत. फुंग साहेबांनी माझे आयुष्य चाळीस वर्षे धरले होते. ती चाळीस वर्षे त्या सालाच्या पार पलीकडे जात होती. ऍलर्टन साहेबांनी आकडा वाचला, पेन्सिलने त्याच्याखाली रेघ ओढली, आणि तो तसाच राहू दिला. फुंग साहेबांना तो होकार वाटला.

खाडीत आधी एक लहानसे गाव होते. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर जगणारे. माझ्यासाठी ते उठवायचे ठरले. ऍलर्टन साहेब गावकऱ्यांना समजावायला स्वतः आले. तो प्रसंग मी पाहिला नाही, पण आमचा फिटर यिप त्याच गावचा. जेवणाच्या सुट्टीत तो ही गोष्ट इतक्यांदा सांगायचा, की मला ती पाठ झाली.

"टेकडीवर नवी घरं देऊ," ऍलर्टन साहेब म्हणाले. "कारखान्यात कामं देऊ."

गर्दीतून मोक आजी उठल्या. नवरा गेल्यावर मिठागर त्या एकट्याच चालवत.

"किती दिवसांसाठी उठवताय?"

"कायमचं, आजी."

"तुमचं कायमचं म्हणजे किती? तुम्हीसुद्धा भाडेकरूच ना? तुमचाच पट्टा संपत आलाय म्हणे."

गाव खो-खो हसले. दुभाष्याने खाली मान घातली आणि काहीच सांगितले नाही. पण ऍलर्टन साहेबांना तिथली भाषा येत होती. ते लाल झाले.

"कारखाना चाळीस वर्षं चालेल," ते म्हणाले. "एवढं मी सांगू शकतो."

"म्हणजे माझ्यापेक्षा जास्त," आजी म्हणाल्या. "ठीक आहे. बांधा."

मिठागरे बुजली आणि मी उभा राहिलो. माझ्या उद्घाटनाला बडे पाहुणे आले. लाल कापड, फटाके, भाजलेले डुक्कर, सगळे काही होते. पहिले पाणी काचेच्या पेल्यांतून फिरवले. तोपर्यंत मोक आजींना माझ्या आवारातल्या जेवणघरात काम मिळाले होते. फुंग साहेबांनी एक पेला त्यांच्याही हातात दिला. आजींनी घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"शी! याला चवच नाही. रडूनसुद्धा याच्यापेक्षा चवदार पाणी निघतं."

"आजी, गोडं पाणी असंच असतं," फुंग साहेब हसत म्हणाले.

"आम्ही मीठ ठेवायचो आणि पाणी उडवून द्यायचो. तुझा हा राक्षस पाणी ठेवतो आणि मीठ फेकून देतो. बापजाद्यांना काय तोंड दाखवू?"

त्या दिवसापासून माझे नाव राक्षस पडले. पण त्या ते नाव मायेने घेत, एवढे मला कळत होते.

मग माझे चांगले दिवस आले. दुसऱ्याच वर्षी पाऊस पुन्हा रुसला. माझी सगळी यंत्रे रात्रंदिवस धडधडत होती. नळ्यांच्या आत क्षारांचे थर बसत. ते आम्लाने धुवून काढायचे आणि लगेच पुन्हा आग पेटवायची. यिप आणि त्याचे सोबती घामाने निथळत. शहरात नळाचे तास कापले गेले, पण ती जुनी तीन-चार दिवसांची पाळी काही आली नाही. शाळांच्या सहली मला बघायला येऊ लागल्या. पोरे माझ्याकडे माना वर करकरून बघत. तुमच्याएवढीच होती ती.

एका रविवारी फुंग साहेब आईला घेऊन आले. ती काठी टेकत, पाय ओढत माझ्या टाक्यांखालून चालली. पाणी तपासायची एक छोटी तोटी होती. तिच्याखाली तिने ओंजळ धरली आणि प्यायली.

"हे कधी संपत नाही?"

"समुद्र असेपर्यंत नाही, आई."

तिने ओला हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. मित्रांनो, पुढे माझी कितीतरी लोकांनी स्तुती केली, पण त्या हातासारखे माझ्या मनाला काही लागले नाही.

मी पाणी द्यायचो, पण तेल जाळून. तेलाचा भाव वाढत गेला, तशी माझ्या आवारात दुसऱ्या तऱ्हेची माणसे यायला लागली. ती टाक्यांकडे बघत नसत, तेलाच्या मीटरकडे बघत. माझी दोन यंत्रे बंद झाली. मग आणखी दोन. एके दिवशी संध्याकाळी ऍलर्टन साहेब एकटेच आले. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. मुख्य पंपाशेजारच्या, म्हणजे आज मी जिथून बोलतो आहे त्या कट्ट्यावर ते आणि फुंग साहेब बसले.

"नवा करार झालाय," ऍलर्टन साहेब म्हणाले. "पलीकडून दर वर्षी जास्त पाणी मिळणार. पाऊस पडो न पडो."

"आणि हा?"

"हा फार तेल पितो, फुंग. ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही."

"आराखड्यात चाळीस वर्षं लिहिली होती."

"नवा आराखडा करतोय. पंधरा वर्षांचा."

"आधीचा वीसचा होता. आता पंधरा का?"

ऍलर्टन साहेब समुद्राकडे बघत राहिले.

"त्यापुढचं लिहायची मला परवानगी नाही."

"पंधरा वर्षांनी लोकांना तहान लागायची थांबणार आहे का?"

"नाही."

"मग पुढच्या वर्षांचं कोण लिहिणार?"

"जे कुणी इथे असतील ते."

फुंग साहेब उठून उभे राहिले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकले नव्हते. त्या दिवशीही त्यांनी चढवला नाही.

"साहेब, त्या साली तुम्ही बोटीत बसून घरी जाल."

"त्याच्या आधीच जाईन. आणि विमानानं," ऍलर्टन साहेब म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, पण जमले नाही. "पेन्शन त्याच्या आधीच सुरू होतेय."

"मी कुठे जाऊ? माझं घर हेच आहे."

मग ऍलर्टन साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "नव्या आराखड्यात हा मोडायचं कलम होतं. ते मी काढून टाकलंय. त्याच्या जागी 'सुस्थितीत राखावा' असं घातलंय. तुम्हाला चार माणसं मिळतील. यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही."

माझी आग विझवली ती पुन्हा पेटली नाही. ऍलर्टन साहेब काही वर्षांनी निवृत्त होऊन मायदेशी गेले. जाण्यापूर्वी ते मला बघायला आले नाहीत. त्यांना लाज वाटली असावी, असे मला वाटते. माणूस वाईट नव्हता.

बंद पडलेल्या यंत्राला जपणे हे चालत्या यंत्राला जपण्यापेक्षा अवघड असते, मित्रांनो. चालते यंत्र कुठे दुखते ते ओरडून सांगते. बंद पडलेले गुपचूप गंजते. फुंग साहेबांनी माझ्या नळ्या गोड्या पाण्याने धुवून कोरड्या केल्या. सांध्यांना ग्रीस भरले. ओल शोषणाऱ्या पिशव्या आत टांगल्या. पंपांचे दांडे जागच्या जागी अडकू नयेत म्हणून ते आठवड्यातून एकदा सगळ्यांना घेऊन हाताने फिरवत. वरिष्ठ कचेरीत जागा मिळत असताना त्यांनी ती नाकारली. त्यांना वाटे, एखाद्या वर्षी पाऊस येणार नाही, किंवा पलीकडचा नळ काही कारणाने थांबेल, आणि फोन येईल.

"साहेब, आपण म्हणजे कोमातल्या पेशंटचे पाय दाबणारे," यिप म्हणायचा.

"दाबत राहा. उठला तर चालायला लागेल ना!" फुंग साहेब म्हणायचे.

मोक आजी आता चार-पाच जणांपुरतीच पेज शिजवत. त्या म्हातारपणाने वाकल्या होत्या, पण तोंड तसेच होते.

याच वर्षांत इंग्लंड आणि चीन या दोन्ही सरकारांची बोलणी सुरू झाली. जेवणघरात रेडिओ लावलेला असे. एके दिवशी बातमी आली, की ठरले. त्या साली सगळी वसाहत चीनला परत जाणार. इतकी वर्षे न उच्चारलेले ते साल आता ज्याच्या त्याच्या तोंडी झाले. शहरातली माणसे परदेशी जायच्या तयारीला लागली. ज्यांची ऐपत होती ते कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेले. कागदावरच्या आराखड्यात जी सोय नव्हती, ती प्रत्येक जण आपापल्या घरापुरती करू लागला.

फुंग साहेबांची आई वारली, त्यानंतर वर्षभराने त्यांची बायको मुलीला घेऊन व्हँकुव्हरला गेली. साहेब मागे राहिले. "थोडे दिवस," असे सांगून. ते थोडे दिवस काही वर्षे चालले.

मग एका वर्षी पावसाळा दांडगा आला. वरच्या डोंगरातले तलाव आधीच पलीकडच्या पाण्याने भरलेले होते. करारच तसा होता. ठरलेले पाणी दर महिन्याला घ्यायचेच, लागो न लागो. तलाव ओसंडले. माझ्या शेजारच्या ओढ्यातून ते पाणी पांढरे फेसाळत आले आणि खाडीत पडू लागले. सगळे जण कुंपणाशी जाऊन उभे राहिले.

"बघा साहेब," यिप म्हणाला, "विकत घेतलेलं पाणी समुद्रात आंघोळीला चाललंय."

कुणी हसले नाही. फुंग साहेब छत्री न उघडता तिथेच उभे होते. त्या आठवड्यात ते दांडे फिरवायला आले नाहीत. आजारी आहेत असा निरोप आला. यिपने दुसऱ्यांना घेऊन दांडे फिरवले, पण हाताला जीव नव्हता.

फुंग साहेब परत कामावर आले. मग नववर्षाच्या सुट्टीनंतर त्यांची मुलगी सुएट-यी कॅनडाहून आली. लहानपणी ती माझ्या टाक्यांभोवती लपाछपी खेळलेली. आता नोकरी करणारी बाई झाली होती. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिले नाही. थेट वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तिकिटं काढलीत. तुमचंही."

"एवढ्यात कसं येता येईल? पावसाळ्याच्या आधी सगळं ग्रीस बदलायचंय."

"कशासाठी?"

"गरज पडली तर..."

"बाबा, हा कारखाना तुमची वाट बघत नाहीये. आई बघतेय. रोज संध्याकाळी दोन माणसांचा भात लावते आणि एक वाटी सकाळी फेकून देते. मी डोळ्यांनी बघते ते."

फुंग साहेब हातातले फडके घडी घालत, उलगडत राहिले. मोक आजी दारात उभ्या होत्या. मला वाटले, त्या 'जाऊ नकोस' म्हणतील.

"जा पोरा," आजी म्हणाल्या. "मला तर गाव सोडून टेकडीवर जायचं होतं, तरी वर्षभर रडले होते. मग सवय झाली. तुलाही होईल."

"आजी, याच्याकडे कोण बघेल?"

"आम्ही मेलो नाही अजून."

जाण्याच्या दिवशी फुंग साहेबांनी माझी प्रत्येक झडप हाताने चाचपली. यिपला चार-चारदा सगळे समजावले. मग मुख्य पंपावर हात ठेवून उभे राहिले. मित्रांनो, मला तेव्हा बोलता आले असते तर मी म्हणालो असतो, थांबू नका, भात निवतोय. गाडी फाटकाबाहेर पडली. त्यांनी मागे वळून पाहिले की नाही, ते धुळीमुळे मला दिसले नाही.

ते गेले, आणि काही महिन्यांतच हुकूम आला. 'सुस्थितीत राखावा' हे शब्द कुणीतरी खोडले. वसाहत सोपवून द्यायच्या आधी हिशेब आटोपते घ्यायचे असतील, नाहीतर माझी आठवण असलेले कुणी कचेरीत उरले नसेल. कारण मला कुणी सांगितले नाही. गॅसच्या ज्योती घेऊन माणसे आली. टाक्या कापून भंगारात गेल्या. तांब्याच्या नळ्यांना चांगला भाव आला असे ऐकले. धुराडे पाडले तेव्हा नव्या गावातली माणसे टेकडीवर जमून बघत होती. त्यांच्या बापजाद्यांची मिठागरे माझ्याखाली बुजली होती. मी गेल्यावरही ती परत वर आली नाहीत. खाली नुसते काँक्रीट होते.

जागा मोकळी झाली. तिचे काय करायचे ते नंतर ठरेल, असे सरकारने सांगितले. फाटकाशी पहाऱ्याची एक खोली कारखान्याच्या जुन्या फोनसकट ठेवली आणि पहारेकरी म्हणून यिपला नेमले. दुपारी मोक आजी काठी टेकत डबा घेऊन येतात. दोघे जेवतात आणि मोकळ्या जागेकडे बघत बसतात.

पहिल्या नववर्षाला त्या खोलीतला फोन वाजला. फुंग साहेब होते. त्यांना कुणीच कळवले नव्हते. ना खात्याने, ना आणखी कुणी. यिपने फोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हो साहेब... नववर्षाच्या शुभेच्छा, साहेब... कारखाना? कारखाना ना..."

मोक आजींनी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"पोरा, मी बोलतेय. तुझा राक्षस मजेत आहे. काय व्हायचंय त्याला? ओल? छे, ओल कुठली! ठणठणीत कोरडा आहे. तू मफलर घालतोस की नाही ते सांग."

फोन ठेवल्यावर यिप चिडला.

"आजी, खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगून त्याला काय देणार होतास? तिथे म्हणे बर्फ पडतो. आधीच गारठलाय बिचारा."

तेव्हापासून दर नववर्षाला फोन येतो आणि दर नववर्षाला आजी सांगतात, सगळे ठीक आहे. या वर्षी मात्र फुंग साहेबांनी वेगळीच गोष्ट काढली. झेंडा बदलेल तेव्हा, त्या साली, ते येणार आहेत. नव्या सरकारला मी उपयोगी पडेन असे त्यांना वाटते. मी अजून कमीत कमी वीस वर्षे कसा चालू शकेन, याची आकडेमोड त्यांनी तिथे बसून केली आहे. एवढ्या लांबून येणाऱ्या त्यांच्या आवाजात इतका आनंद होता, की फोनबाहेर माझ्यापर्यंत ऐकू आला.

आजींनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ये," त्या म्हणाल्या. "ये हो. आम्ही आहोत."

मग त्या कट्ट्यावर येऊन बसल्या. यिपने विचारले, "आजी, आल्यावर साहेबांना काय दाखवणार?" आजींनी डबा उघडला, झाकण तसेच हातात धरले, आणि भात निवला तरी घास घेतला नाही.

मित्रांनो, त्या सालाला आता फार दिवस उरलेले नाहीत. इतरांना ते साल झेंड्याचे वाटते. मला ते फुंग साहेब फाटकातून आत येतील त्या दिवसाचे वाटते. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले कुणी पुढच्या वीस-चाळीस वर्षांचे आराखडे मांडतील. मांडताना, ती वर्षे संपल्यावरही जे तिथेच राहणार आहेत, त्यांना शेजारी बसवून घ्या. उभे केलेले कधी मोडावे लागेल, तर तेही मोडा. पण ज्याने ते जपले, त्याला मोडायच्या आधी कळवा. तेवढा निरोप द्यायचे काम एका म्हातारीवर टाकू नका.